पहिली दाढ

मानवजातीच्या इतिहासात पूर्णपणे निःपक्षपाती न्याय एकदाच अवतरला. उंबरसांगवीला तो एसटीच्या पार्सलनं आला. पिवळ्या प्लास्टिकच्या पेटीत होता. चार्जर मागाहून येणार होता.

पेटीवर ‘दंतसत्य’ असं छापलं होतं आणि त्याखाली ब्रीदवाक्य होतं: ‘कागद खोटा असू शकतो, दात नाही.’ २०४१ साल होतं. परदेशी घुसखोर शोधण्याचं काम देशात जोरात चाललं होतं आणि त्यात अडचण एवढीच होती, की घुसखोर दिसायला माणसासारखाच असतो. पोलीस बिचारे नाव ऐकून, बोली ऐकून, लुंगीची गाठ बघून अंदाज बांधायचे. मग कोर्टात वाद व्हायचे, वर्तमानपत्रांत लेख यायचे, की हा तोंडं बघून केलेला न्याय आहे. सरकारनं ही टीका फार गांभीर्यानं घेतली. तोंडाकडे बघणं बंद करून तोंडात बघायचं ठरलं.

यामागचं शास्त्र खरं आहे आणि सोपंही. खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं. ते कॅल्शियमचं इतकं जवळचं नातलग, की शरीराला दोघांतला फरक कळत नाही. खडकातून ते पाण्यात जातं, पाण्यातून ज्वारीत, ज्वारीतून आईच्या दुधात आणि तिथून बाळाच्या दातात जाऊन बसतं. या स्ट्रॉन्शियमचा एक प्रकार जरा जड असतो, एक जरा हलका. त्यांचं एकमेकांशी प्रमाण खडकागणिक बदलतं. आपला दख्खनचा काळा दगड भूशास्त्राच्या हिशेबात कालचा, त्यात जड प्रकार कमी. हिमालयातले खडक म्हातारे, त्यांत जास्त. आणि नद्यांनी हिमालय झिजवून पूर्वेला जो गाळ नेऊन टाकला, त्या त्रिभुज प्रदेशातही अर्थातच जास्त. हाडं आयुष्यभर बदलत राहतात, पण दाताचं कवच एकदा बनलं की बनलं. पहिली कायमची दाढ बाहेर येते उशिरा, पण हिरडीच्या आत ती जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत तयार होत असते. म्हणजे तुमचं बाळपण कुठल्या मातीत गेलं, हे तुमची पहिली दाढ शेवटपर्यंत विसरत नाही.

दंतसत्य त्या दाढेवर सुईच्या टोकाहून बारीक लेझर मारायचं, उडालेली वाफ मोजायचं आणि दिवा लावायचं. हिरवा म्हणजे इथला, लाल म्हणजे तिथला. दुखत नसे. निदान दाढ दुखत नसे.

यंत्राच्या निकालाला दंतवैद्याची सही लागायची. उंबरसांगवीत दातांचा दवाखाना एकच, डॉ. ऋजुता कानडखेडकरचा. तेव्हा तिची नेमणूक तिला न विचारताच झाली. विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती, कारण तिला ही कल्पना मनापासून पटली होती. यंत्राला आडनाव कळत नाही, हे तिला फार आवडलं होतं.

पेटी उघडली इलाही तांबोळीनं. दवाखान्यात इलाही नेमका कोण होता, हे सांगणं अवघड आहे. पाटीवर नाव ऋजुताचं. पण कवळ्या तो बनवायचा, दातांवरच्या टोप्या तो बसवून बघायचा, आणि भूल चढेपर्यंत पेशंटशी गप्पाही तोच मारायचा. त्याच्या आईचं, जैतूनबीचं, स्टँडसमोर पानाचं दुकान होतं. जैतूनबीच्या तोंडातली कवळीही त्यानंच केलेली. गावात ती सगळ्यांना उघडून दाखवायची.

“मॅडम, ह्याच्या टोकाला दर माणसाला नवं रबरी टोपण लावायचं म्हणं,” इलाही माहितीपत्रक वाचत म्हणाला.

“मग लावायचं.”

“माझ्यावर ट्रायल घ्या की. बघू तरी मी कुठला निघतोय.”

“तू कुठला निघणार? स्टँडसमोरचा.”

“तसं नव्हं. जरा शास्त्रीय.”

“टोपणं मोजकी आलीत, इलाही. वाया घालवू नकोस.”

त्यानं आ केला होता. तो मिटला आणि पेटी कपाटात ठेवली.

*

पहिल्या महिन्यात फौजदार बिभीषण लोमटे जवळजवळ रोज कुणाला ना कुणाला घेऊन आला. लोमटे वाईट माणूस नव्हता. वर्षापूर्वी त्याच्या चारही पहिल्या दाढा तंबाखूनं आणि पेढ्यांनी मिळून संपवल्या होत्या. ऋजुतानं त्या वाचवल्या आणि इलाहीनं त्यांवर टोप्या बसवल्या. तेव्हापासून दवाखान्यात आला की तो इलाहीला ‘काय सुतार’ अशी हाक मारायचा. आणलेल्या माणसांना तो खुर्चीत बसवायचा, पाणी द्यायचा आणि दिवा लागेपर्यंत त्यांच्याशी पिकापाण्याचं बोलायचा. वीटभट्टीवरचे मजूर, खडी फोडणारे, बेकरीतली पोरं, मशिदीमागच्या वस्तीतल्या बाया. इलाही टॉर्च धरायचा, ऋजुता यंत्र धरायची. दिवा बहुतेक वेळा हिरवाच लागायचा आणि ऋजुताला वाटायचं, बघा, यंत्र माणसं सोडवतंय. ज्यांची त्या दिवसाची हजेरी बुडाली होती, त्यांना तसं वाटत असेल का, हे विचारायची सोय माहितीपत्रकात नव्हती.

“लोमटेसाहेब,” एकदा तिनं विचारलं, “पेठेतलं कुणी येत नाही कधी तपासायला?”

“यंत्राला जातधर्म नसतोय मॅडम.”

“यंत्राला नसतो. आणणाऱ्याला?”

“आणणाऱ्याला वाजवी संशय असतोय. तसं परिपत्रकच हाय.”

“वाजवी म्हणजे?”

लोमटेनं प्रामाणिकपणे विचार केला. “म्हणजे येतोय की हो मनात. आता तुम्हाला बघून येतोय का? नाही येत. मी काय मुद्दाम करतोय का त्यात?”

इलाही हसला. टॉर्च हलला.

“सरळ धर सुतार,” लोमटे म्हणाला.

दुसरीकडे राज्यात लोक हुशार झाले होते. काहींनी पहिल्या दाढा उपटून घेतल्या. मग नवं परिपत्रक निघालं, की पहिली दाढ नसणं हाच संशय समजावा. दाढेवर टोपी असेल तर काय, याचा खुलासा लोमटेनं वरून मागवला होता. तो आला नाही.

*

इलाही कवळ्यांचं प्लास्टर आणायला जिल्ह्याला गेला होता. परतीच्या गाडीची वाट बघत उभा असताना त्याला एका शिपायानं थांबवलं. पिशवीत पांढरी भुकटी होती आणि तयार दातांचे काही संच होते. त्याला दाढीही होती. संशय नेमका कशानं आला, याची नोंद नाही.

तो अजिबात घाबरला नाही. दिवा लाल लागला तेव्हा त्यानंच त्या शिपायाला सांगितलं, “साहेब, टोपण तिरकं बसलंय. फटीतनं हवा जाती.” आणि स्वतःच ते नीट बसवून दिलं. रोजची सवय होती.

दुसऱ्यांदाही लाल लागला. ‘पूर्वेकडील त्रिभुज प्रदेश,’ यंत्र म्हणालं.

संध्याकाळी लोमटेच ही बातमी घेऊन आला. त्याच्या मागं जैतूनबी होती. ती दाराशीच उभी राहिली. सून घरी तान्ह्या पोरीपाशी होती.

“काहीतरी चुकलंय,” ऋजुता म्हणाली. “त्याला शाळेत जाताना मी बघितलंय. तो माझ्याहून दोन वर्षं मागं होता.”

“शाळेत कोणपण जातंय मॅडम. मी सांगितलं त्यांना, पोरगा आपला हाय. ते म्हणाले, तुमचं मत लिहून घेतो, पण दिवा लाल हाय.”

“जन्माचा दाखला आहे.”

“कागद.” लोमटेनं पेटीवरच्या ब्रीदवाक्याकडे बोट दाखवलं.

“मग रक्त तपासा. आई इथं उभी आहे.”

“तपासलं. आई हीच. पण आई कुठली, हे रक्त कुठं सांगतंय? आईची दाढ बघावी म्हणलं तर...” त्यानं जैतूनबीकडे बघून वाक्य सोडून दिलं.

जैतूनबी पुढं आली. तोंडात हात घालून तिनं कवळी काढली, पदरानं पुसली आणि लोमटेच्या हातावर ठेवली. कवळीशिवाय तिचं बोलणं सांडत होतं, पण कळत होतं.

“घ्या बाबा. बघा तपासून. माझ्या लेकानं केलीय.”

लोमटेला ती कुठं ठेवावी कळेना. शेवटी त्यानं ती ट्रेमध्ये ठेवली आणि टोपी काढून उगाच डोकं खाजवलं.

*

ऋजुतानं दोन दिवस विचार केला आणि तिला मार्ग सापडला. तो शास्त्रीय होता. म्हणजे अचूक होता.

पहिली दाढ जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचं सांगते. अक्कलदाढ मात्र आठव्या-नवव्या वर्षी बनायला लागते. इलाहीची डावीकडची खालची अक्कलदाढ अजून होती. तिनंच ती उगाच काढायला नको म्हणून ठेवली होती. त्या दाढेत उंबरसांगवीच्या विहिरीचं पाणी आणि उंबरसांगवीची ज्वारी असणार. हिरवा दिवा लागला की पहिल्या दाढेचा निकाल आपोआप शंकास्पद ठरेल.

लोमटेनं परवानगी आणली. स्थानबद्धता केंद्राच्या व्हरांड्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, ऋजुतानं स्वतःच्या हातानं यंत्र धरलं. इलाही केंद्रात राहून बारीक झाला होता.

“टॉर्च कोण धरणार?” त्यानं विचारलं.

“मी धरतो,” लोमटे म्हणाला.

“सरळ धरा साहेब.”

तिघंही हसले. दिवा हिरवा लागला. ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लोमटेनं इलाहीच्या पाठीवर थाप मारली.

सुनावणी पुढच्या आठवड्यात झाली. निवाडा अधिकारी पडद्यावर होते, सौम्य, चष्मा लावलेले. त्यांनी डॉक्टरांचे आभार मानले. ते म्हणाले, की आजवर या प्रकरणात एक त्रुटी होती, ती डॉक्टरांनी दूर केली. ही व्यक्ती भारतात नेमकी केव्हा आली, हे यंत्र सांगत नव्हतं. आता दोन दाढांवरून ते निश्चित झालं. तीन वर्षांची होईपर्यंत व्यक्ती तिकडे होती. आठव्या वर्षी इकडे होती. म्हणजे घुसखोरी मधल्या काळातली.

“साहेब,” जैतूनबी म्हणाली, “तीन-चार वर्षांचं लेकरू सरहद्द कसं वलांडंल?”

“तेच आम्ही विचारतोय, बाई,” अधिकारी फार आदरानं म्हणाले. “त्याला कुणी आणलं?”

जैतूनबीनं ऋजुताकडे बघितलं. शिकलेलं माणूस आहे, काहीतरी बोलेल, अशा नजरेनं. ऋजुता पडद्याकडे बघत होती. तिथं आता पुढच्या प्रकरणाचा क्रमांक आला होता.

*

त्यानंतर जैतूनबी दवाखान्यात आली ती कवळी सैल झाली म्हणून. माणूस वाळलं की हिरडी आटते, कवळी हलायला लागते. असली कामं इलाही बघायचा. ऋजुता कवळी घेऊन बसली, कानस हातात घेतली आणि कुठून सुरुवात करावी हे तिला कळेना.

“त्याचे दात बघितलेत न्हवं तुमी?” जैतूनबी म्हणाली. “एक किडला न्हाई आजपत्तुर. दुकानात बसल्या बसल्या निवळी पाजायची म्या. चाळीस दिवसांचा झाला तवापासून.”

“कसली निवळी?”

“चुन्याची हो. रातच्याला चुना पाण्यात कालवून ठिवायचा, सकाळी वरचं नितळ पाणी चमच्यानं घ्यायचं. दोन वर्सं पाजली. मंग दात कशानं बिघडतेत?”

ऋजुताची कानस थांबली.

“चुना कुठला असायचा मावशी?”

“हिमगौरी छाप. तवा दुसरा इकतच न्हवतो आमी. डबीवर बर्फाचा डोंगर होता बघा. पांढराशुभ्र माल, खडा म्हणून न्हाई. तुमच्या आजीबाई माझ्याकडूनच न्यायच्या की, तुमी झालात तवा. म्हणायच्या, जैतून, नातीसाठी हवाय, ताजी डबी दे.”

डबीवरचा डोंगर शोभेचा नव्हता. कंपनी हिमालयाच्या पायथ्याशी चुनखडक काढायची, तो तिथंच भाजायची आणि रेल्वेनं देशभर धाडायची. त्या चुन्यात हिमालयाचं स्ट्रॉन्शियम होतं. पूर्वेच्या त्रिभुज प्रदेशात आहे तेच, फक्त ते नदीनं गेलं होतं आणि हे मालगाडीनं. आईच्या दुधातून बाळाला जे जातं, त्याच्यापुढे निवळीतलं भारी पडत होतं. तिसऱ्या वर्षी निवळी थांबली आणि दख्खनचा दगड पुन्हा दातांत उतरायला लागला. म्हणून अक्कलदाढ हिरवी.

जैतूनबी गेल्यावर ऋजुतानं कपाटातून पेटी काढली. आरशासमोर उभी राहून स्वतःच्या पहिल्या दाढेला टोक लावलं.

लाल. ‘पूर्वेकडील त्रिभुज प्रदेश.’ आकडा इलाहीच्या आकड्याच्या इतका जवळ, की दोघं एका घरात वाढल्यासारखी.

ती तशीच ठाण्यावर गेली. लोमटे तंबाखू मळत होता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. चुन्याची डबी टेबलावरच होती. ती त्यानं उलटसुलट करून बघितली.

“म्हणजे ज्येच्या ज्येच्या आजीनं हौसेनं निवळी पाजली, ते सगळे लाल?”

“त्या वयाचे सगळे. अर्धी पेठ लाल निघेल. वीटभट्टीवरचे हिरवे निघाले ते का? त्यांच्या घरी निवळी करत बसायला कुणाला सवड होती? साहेब, मी स्वतः लाल आहे. हे बघा.”

लोमटेनं तिच्या फोनवरचा निकाल बघितला. बराच वेळ बघितला.

“तुम्हाला थांबवलं कुणी होतं?”

“म्हणजे?”

“वाजवी संशयावरनं. कुण्या अंमलदारानं.”

“मला कोण थांबवणार?”

“तेच. परिपत्रकात काय म्हणलंय, थांबवलेल्या व्यक्तीचा निकाल ग्राह्य. न थांबवलेल्या माणसाची दाढ म्हणजे नुसती दाढ असती मॅडम.”

“मग थांबवा मला. आत्ता.”

लोमटे खुर्चीतून उठला. खरंच थांबवणार असं क्षणभर वाटलं. मग तो पुन्हा बसला.

“संशयच येत नाही हो,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर केविलवाणा होता. “बघतोय मी तुमच्याकडं. नाही येत.”

“मग तुमची दाढ तपासू. तुम्हीही याच गावचे.”

त्यानं आ करून बोटानं दाखवलं. चारही टोप्या चकाकत होत्या. “सुतारानं बसवल्यात. खाली काय उरलंय, तुम्हालाच ठाऊक.”

तिनं सविस्तर निवेदन तयार केलं आणि वर पाठवलं. निवेदन मिळाल्याची पोच लगेच आली. पोच येणं ही त्या खात्याची चांगली बाजू होती.

*

रवानगीच्या आदल्या दिवशी तिला भेट मिळाली. मधे जाळी होती. इलाहीची दाढी वाढली होती, त्यामुळे तो आता आणखी वाजवी दिसत होता.

“आईची कवळी हलायलीय म्हणं,” तो म्हणाला. “काल फोनवर बोलताना आवाज आला. आतनं डावीकडं थोडी घासा आन् खालनं नवा थर द्या. जास्त घासू नका. तिथं पातळ हाय.”

“बरं.”

“गुलाबी पावडर निळ्या डब्यात हाय.”

“इलाही, मला कळलंय का लाल लागला ते.” आणि तिनं त्याला निवळीचं सांगितलं.

तो ऐकत राहिला. मग हसायला लागला. जाळीला धरून हसला.

“म्हणजे आईनंच?”

“कुणीच नाही. यंत्र मूर्ख आहे.”

“यंत्र बरोबरच म्हणतंय की. हिमालयाचंच हाय ते. आपन इचारलं न्हाई त्येला, चुना का पानी.” त्यानं जाळी सोडली. “तवाच ट्रायल घेतली असती मॅडम, तर घरच्या घरी निघालं असतं.”

“हो.”

“टोपण वाचलं पण आपलं.”

बाहेर कुणीतरी वेळ संपल्याचं ओरडलं.

“एक करा,” इलाही म्हणाला. “आईला सांगू नका. यंत्रात बिघाड होता म्हणा. ती निवळीच्या चमच्याला लै जपती. दांडी वाकलीय त्याची, तरी टाकू देत न्हाई.”

“नाही सांगणार.”

दुसऱ्या दिवशी त्याला पूर्वेला नेलं आणि एका रात्रीत सरहद्दीपलीकडे पाठवलं. पलीकडच्या सरकारकडेही आता तसलंच यंत्र होतं, फक्त त्यांच्या नियमात अक्कलदाढ होती. त्यांच्या यंत्रानं त्याला दख्खनचा ठरवलं. मग ते त्याला परत पाठवायला निघाले, आणि इकडचे घेईनात. दोन तारांच्या मधे एक छावणी आहे, तिथं तो राहिला. फोन लागायचा, कधी कधी. छावणीत म्हातारे पुष्कळ आहेत, म्हणाला, पण प्लास्टर मिळत नाही.

*

ऋजुताच्या निवेदनावर समिती बसली आणि, आश्चर्य म्हणजे, तिचं म्हणणं मान्य झालं. हिमालयीन चुन्याचा यंत्रावर परिणाम होतो, हे समितीनं एकमतानं स्वीकारलं. उपाय दोन सुचवले गेले. एक, आजवर लाल निघालेल्या सगळ्यांची फेरतपासणी. हा खर्चिक ठरला. दुसरा उपाय अमलात आला. राज्यभरच्या अंगणवाड्यांत भित्तिपत्रक लागलं. त्यावर एक गुटगुटीत बाळ होतं, चमच्यावर फुली होती आणि मजकूर होता: ‘बाळाला चुन्याची निवळी पाजू नका. बाळाच्या नागरिकत्वाला धोका.’

त्याच आठवड्यात जैतूनबी दवाखान्यात आली. काखेत नात होती. ती पेशंटच्या खुर्चीत बसली नाही, स्टुलावर बसली. इलाहीच्या.

“अंगणवाडीच्या बाईनं वाचून दाखवलं,” ती म्हणाली.

ऋजुतानं हातमोजे काढले.

“मावशी, तुमची चूक नाही त्यात.”

“त्येला ठावं हाय?”

ऋजुताला खोटं बोलायचं होतं. पण उशीर झाला. जैतूनबीनं तिच्या तोंडाकडे बघितलं होतं, आणि काही गोष्टी तोंड बघूनच कळतात.

“फोनवर रोज इचारतंय, आई जेवलीस का, आई कवळी बसती का,” जैतूनबी म्हणाली. “येवढं बोलला न्हाई.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“लहानपणी बी असंच. दूध सांडलं की आळ मांजरावर घालायचा. मांजर न्हवतंच आमच्यात.”

बाळ ऋजुताच्या मास्कची दोरी धरायला बघत होतं. हसलं तेव्हा तोंड अगदी मोकळं होतं, गुलाबी, वर-खाली काहीच नाही.

“मॅडम, हिला बी म्या दिलीय. जुनी डबी होती एक, जपून ठिवलेली. बाप न्हाई जवळ, निदान दात तरी बापासारखे निघू देत म्हणलं. दोन महिने झाले.” तिनं नातीचा खालचा ओठ अंगठ्यानं हळूच खाली ओढला, जणू ऋजुताला काही दाखवायचं होतं. “ते किती दिवसांत उतरतंय दातातनं?”

दाताचं कवच एकदा बनलं की बनलं. ऋजुता ही गोष्ट कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकली होती.

“उतरेल,” ती म्हणाली. “आता देऊ नका. उतरेल हळूहळू.”

“पानी जास्त पाजू?”

“पाजा.”

“इथलंच?”

“इथलंच.”

जैतूनबीनं मान हलवली. मग तोंडातून कवळी काढून टेबलावर ठेवली. “डावीकडं पुन्यांदा टोचायलीय,” ती म्हणाली. ऋजुतानं निळा डबा काढला. गुलाबी पावडर तळाला थोडीच उरली होती.

दंतसत्य योजना पुढच्या मार्चमध्ये बंद झाली. टोकाला लावायचं रबरी टोपण बनवणाऱ्या कारखान्यानं ते बनवणं थांबवलं होतं.